आधी गोड

मी मुरूडची. दारूला आयुष्यात शिवले नाही, त्यामुळे शेरीची चव कशी असते ते मला विचारू नका. वास मात्र सांगू शकते. आभा सबनीस माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते आणि तिने मला इतके ग्लास हुंगायला लावलेत की एकदा माझ्या नवऱ्याने, अन्वरने, तिलाच घाबरत विचारलं, “हुंगण्याने काही होत नाही ना, वहिनी?”

“भावजी, हुंगण्यानेच सगळं होतं,” आभा म्हणाली. “पिणं हे नंतरचं.”

आम्ही सगळे अजमानमध्ये, कारण दुबईचं भाडं झेपत नाही. आभाचा नवरा प्रकाश रुवैसच्या रिफायनरीत आहे. तो शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो आणि रविवारी बॅग भरून परत जातो. मधले दिवस आभा आणि तिचा मुलगा वेदांग. आभा रोज ट्रॅफिकला शिव्या घालत दुबईला जाते. हॉटेलांना वाइन आणि दारू पुरवणाऱ्या एका कंपनीत ती माल निवडते, आणि हॉटेलच्या वेटर मंडळींना काय, कसं, कशानंतर वाढायचं ते शिकवते. त्यातही शेरी ही तिची खास. स्पेनला जाऊन बॅरलमधून चाखून माल पसंत करणारी कंपनीत ती एकटीच होती.

एकदा मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिच्याबरोबर गेले होते. हॉटेलच्या एका खोलीत नेपाळी, केनियन, मल्याळी पोरंपोरी वह्या उघडून बसलेली. आभा हिंदी-इंग्लिशची खिचडी करून सांगत होती. स्पेनच्या दक्षिणेला हेरेस नावाचं गाव आहे. त्या पट्ट्यात होते तीच शेरी. दुसरीकडे कुणी डिट्टो तशीच केली तरी तिला ते नाव लावता येत नाही. पांढऱ्या द्राक्षांची कोरडी वाइन करायची, तिच्यात थोडी द्राक्षाचीच स्पिरिट घालून जोर वाढवायचा आणि ओकच्या बॅरलमध्ये भरायची. पण काठोकाठ नाही, वर जागा सोडायची.

“दूध गरम करते हो, ऊपर मलई आती है? वैसा,” ती म्हणाली. त्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची साय धरते. तिला फ्लोर म्हणतात. साय असेपर्यंत वाइनला हवा लागत नाही. ती फिकी, कोरडी राहते, मळलेल्या कणकेचा आणि बदामाचा वास धरते. ती फिनो. स्पिरिट जास्त घातली तर साय जगतच नाही, हवा आत शिरते, वाइन तपकिरी होते, अक्रोडासारखा वास येतो. ती ओलोरोसो. आणि तिसरी एक असते. तिच्यावर आधी साय धरते, मग ती साय मरते आणि उरलेली वर्षं वाइन हवेत काढते. ती अमोंतियादो.

मग तिने फळ्यावर बॅरलच्या ओळी काढल्या. खालच्या ओळीत सगळ्यात जुनी वाइन. विकायला तिच्यातून थोडीच काढायची, जेवढी काढली तेवढी वरच्या ओळीतून भरायची, वरची तिच्या वरच्या ओळीतून. बॅरल कधीच पूर्ण रिकामं होत नाही. ह्याला सोलेरा म्हणतात. मला आमच्या घरचं विरजण आठवलं. अम्मीचं दही माझ्या नानीच्या दह्यातूनच आलेलं असणार.

“और यह याद रखना,” शेवटी तिने मार्कर टेबलावर आपटला. कोरडी आधी, गोड सगळ्यात शेवटी. गोड शेरी उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट असते. ती आधी दिली तर पुढचं सगळं आंबट आणि कडू लागतं. “जलेबी खा के चाय पीओ, फिर पता चलेगा.”

पोरं हसली. मीही हसले. आभा मात्र शिकवताना कधी हसत नाही.

ती तशी मोठी हसरी बाई नाहीच. चांगली आहे, जिवाला जीव देणारी आहे. मला डेंग्यू झाला तेव्हा रोज पेज करून आणायची. पण मनात धरून ठेवणारी. वॉचमन एकदा वेदांगला उगाच ओरडला, तर तो नोकरी सोडून जाईपर्यंत आभाने त्याला सलामचं उत्तर दिलं नाही. आणि एका माणसाचं नाव तिच्यासमोर निघालं की तिचा आवाज इतका शांत व्हायचा की मला भीती वाटायची. सिद्धांत.

लग्नाआधी ती आभा देवस्थळी होती, नाशिकची. वडील शाळेत गणिताचे मास्तर. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणायचं. आभा शिकली रसायनशास्त्र आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका छोट्या वाइनरीत लागली. आता ती वाइनरी राहिलेली नाही. मालकाचा मुलगा सिद्धांत तिच्याच वयाचा. धंदा बापाचा, गाडी बापाची, बोलणं मात्र गोड. आभाने त्याला सांगितलं, शेरीसारखी वाइन इथे करून बघू या का? तो म्हणाला, कर की, तुला कोण अडवतंय.

मग तिने जुनी बॅरलं मिळवली. शेनिन द्राक्षाची कोरडी वाइन करून त्यात भरली. तिच्याबरोबर राजाभाऊ म्हणून एक तळघर सांभाळणारे होते, ते आणि ती. नाशिकच्या पट्ट्यात थंडी कडाक्याची पडते. त्या थंडीत एके सकाळी राजाभाऊंनी बॅरलच्या तोंडातून बॅटरी मारली आणि ओरडले, “ताई, साय आली!” आभा मला हे सांगायची तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. सगळ्या हिवाळ्यात साय टिकली. एप्रिलच्या उन्हाने ती फाटली, बुडाली, मेली. राजाभाऊ म्हणाले, आता ओतून द्यावी. आभाने ओतली नाही. तिने स्पिरिट घालून जोर वाढवला आणि बॅरल बंद केलं. पुढच्या वर्षी उघडलं, तर त्यातून जे काही आलं त्याने तिला तिथेच खाली बसवलं. तिने ठरवून केलेलं नव्हतं. नाशिकच्या उन्हाने तिला अमोंतियादो करून दिली होती. तिथून तिने तीन ओळी उभ्या केल्या.

आणि मग एक्साइजवाले आले.

वाइनमध्ये घालायची स्पिरिट कुलपात ठेवावी लागते. तिचा हिशोब सरकारला द्यावा लागतो. त्या दिवशी मोजली तर बरीच कमी भरली. किल्ल्या दोन होत्या, एक आभाकडे, एक सिद्धांतकडे. ती स्पिरिट सिद्धांतने मित्रांच्या फार्महाउसवर पोचवली होती. राजाभाऊंनी स्वतः गाडीत ठेवताना पाहिलं होतं. साहेबांनी विचारलं, किल्ली कोणाकडे असते? सिद्धांत खिशात हात घालून उभा होता. तो आभाकडे न बघता म्हणाला, “मॅडमकडेच असते.”

एवढंच. पुढे काही बोलावं लागलंच नाही. आभाला संध्याकाळपर्यंत चौकीत बसवलं. सर न्यायला आले तेव्हा तिथला एक हवालदार त्यांचाच विद्यार्थी निघाला आणि तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी. पुढे पुरावा मिळाला नाही म्हणून केस बंद झाली, ती बातमी कुणी छापली नाही. राजाभाऊ म्हणाले मी सांगतो, पण त्यांची दोन पोरं त्याच वाइनरीत कामाला होती, म्हणून आभानेच त्यांना गप्प केलं. सर वाचनालयात जायचे बंद झाले. मग दाराबाहेर जायचे बंद झाले. पुढच्या वर्षी त्यांना झटका आला आणि ते गेले. शेवटच्या महिन्यांत ते फक्त एकच विचारायचे, “आभा, तू खरं सांगत होतीस ना?”

“माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे गं, मुनिबा,” ती मला म्हणाली होती. “डोकं गेलं होतं त्यांचं. पण त्या डोक्यात शेवटपर्यंत राहिलं ते हे.”

नाशिकमध्ये तिला कुणी काम देईना. प्रकाशशी लग्न झालं, ती इकडे आली. कंपनीत फोन घेण्यापासून सुरुवात केली आणि नाकाच्या जोरावर वर चढली. सिद्धांतने काही वर्षांनी तीच वाइन बाजारात आणली. बाटलीवर नाव त्याच्या मुलीचं, ‘मिहिका’. मुलाखती दिल्या. माझं स्वप्न, माझी बॅरलं, माझा प्रयोग. आभा त्या मुलाखती पुन्हा पुन्हा बघायची. प्रकाश वैतागायचा, “खलास कर ना आता. सोड.” ती म्हणायची, “तू सोड. तुझा बाप नव्हता.”

ह्या जानेवारीत ती एकदा संध्याकाळी सरळ माझ्याकडे आली, चपला न काढता.

कंपनीत माल निवडताना बाटल्या झाकून ग्लास पुढे ठेवतात, कुणाची वाइन ते सांगत नाहीत. आभा, तिचा साहेब जॉर्ज, तो लेबनॉनचा, आणि आणखी एकजण. त्या दिवशी तिसरा ग्लास तिने नाकाशी नेला, आणि मग पुन्हा नेला.

“तीच होती,” ती म्हणाली. “हेझलनटसारखा वास, मागे जरा मीठ, आणि त्या मागे आमच्या तळघरातल्या ओल्या विटांचा. माझी वाइन, मुनिबा. इतक्या वर्षांची झालेली. इतकी सुंदर की मला वाटलं मी रडेन.”

“मग?”

“मग काय. मी म्हटलं, इंटरेस्टिंग. जॉर्ज खूश झाला. म्हणाला, इंडियाची आहे, मालक पुढच्या आठवड्यात येतोय. गल्फभर हॉटेलं असलेल्या एका ग्रूपला आपल्या इंडियन रेस्टॉरंटसाठी असंच काहीतरी हवंय. तू सांभाळ.”

वेदांग तिच्यामागे आला होता. “मम्मा, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो, यू सेड यू’ल रिव्हाइज विथ मी.”

“हो बाळा, आलेच,” ती म्हणाली, आणि बराच वेळ हलली नाही.

सिद्धांत आला. जॉर्जने दोघांची ओळख करून दिली, तर सिद्धांतने हात पसरले. “आभा? अगं, काय सांगतेस! कुठे होतीस इतकी वर्षं?” जणू ती पत्ता न देता निघून गेलेली मैत्रीण. तो तिला जेवायला घेऊन गेला. मेनू बघून म्हणाला, “एका ग्लासाचे पंच्याहत्तर दिरहॅम? म्हणजे सतराशे रुपये! ह्या लोकांना मी काय काय विकू शकेन.” बाप गेल्यावर धंदा डबघाईला आलाय, बँक मागे लागलीय, हे डील झालं तर वाइनरी तरेल, असं त्याने मोकळेपणी सांगितलं. “तू आहेस म्हणजे काम झालंच. आपलं माणूस आपल्या माणसाला बघणार नाही का?”

आभाने त्याला संधी दिली होती. हे ती मला पुन्हा पुन्हा सांगते, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. ती म्हणाली, “सिद्धांत, एक्साइजवाले आले होते तो दिवस आठवतो?”

“अरे बाप रे, ते!” तो हसला. “काय टेन्शन होतं. पण निभावलं ना शेवटी? तुझं तर बरंच झालं, दुबईला आलीस. सर कसे आहेत?”

“गेले.”

“अरेरे. वय झालं होतं?”

“नाही,” आभा म्हणाली.

वाढप्याने भाकरी आणली, खुबूस म्हणतात ती, आणि त्याने एक तुकडा तोडून हमसमध्ये बुडवला. “हे मस्त आहे,” तो म्हणाला.

आभा मला म्हणाली, त्या क्षणापर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं. तो तुकडा त्याने तोंडात घातला आणि माझं ठरलं.

ग्रूपच्या लोकांसाठी चाखण्याचा कार्यक्रम समुद्राकाठच्या एका हॉटेलात, दुपारी. जॉर्जची आई आजारी म्हणून तो बैरूतला गेला होता. सगळी तयारी आभाच्या हातात. आदल्या दिवशी तिने सिद्धांतला फोन केला, मी तिथेच होते. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “अरबी पद्धतीने स्वागत करू या. आधी खजूर, आणि खजुराबरोबर स्पेनची गोड शेरी. पाहुणे खूश होतात. मग तुझी.”

“वा! तुला कळतं त्यातलं. आधी गोड, ओके, डन,” तो पलीकडून म्हणाला.

तिने फोन ठेवला. मी तिच्याकडे बघत राहिले. “आभा, जिलेबी आणि चहा?”

“लक्षात आहे तुझ्या,” ती म्हणाली. “त्याच्या लक्षात नसणार. मी त्याला हे बॅरलशेजारी उभं राहून सांगितलं होतं.”

“पण ती वाइन तर तुझीच...”

“माहीत आहे मला कुणाची आहे ती.”

मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

त्या दुपारी तिने त्याच्या बाटल्या थंड न करता काचेच्या भिंतीजवळ टेबलावर मांडून ठेवल्या. छान दिसत होत्या. ऊन त्यांच्यावर पडत होतं. पाहुणे तिघे. त्यांची प्रमुख एक दक्षिण आफ्रिकन बाई होती. बियर आणि व्हिस्कीतली पक्की, शेरी मात्र तिने फारशी प्यायलेली नव्हती. आधी ताटलीत लठ्ठ खजूर आले, मग छोट्या ग्लासांत ती काळी, दाट, मनुका आणि अंजिरांच्या वासाची गोड शेरी. सगळे खुलले. सिद्धांतने दुसरा ग्लास मागितला. “यल्ला, हबीबी!” तो वेटरला म्हणाला आणि पाहुणे हसले.

मग ‘मिहिका’.

आभा म्हणते, कोमट वाइनमधून आधी नुसती स्पिरिट नाकात गेली. आणि साखरेने माखलेल्या जिभेवर ती कोरडी, खारट, बदामाच्या सालीसारखी वाइन पडली. त्या बाईने ओठ आवळले. दुसऱ्याने पाणी मागवलं. सिद्धांतनेही घोट घेतला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. तो घाईघाईने बोलायला लागला, मी स्वतः ह्या बॅरलांशेजारी रात्रंदिवस, माझ्या मुलीचं नाव, आमच्या मातीचा वारसा. जेवढा तो बोलला तेवढे ते लोक गप्प झाले.

“इट्स क्वाइट... शार्प,” बाई म्हणाली. मग आभाकडे वळली. “तुम्ही शेरीच्या तज्ज्ञ. ही शेरी आहे का?”

सिद्धांत आभाकडे बघत होता, मदतीसाठी. आभा म्हणाली, “नाही. शेरी फक्त हेरेसची.”

खोटा शब्द एकही नव्हता. बाईने ग्लास पुढे सरकवला. ताटलीतला एक खजूर उचलला आणि विचारलं, ही पहिली काळी वाइन मात्र आम्हाला किती मिळेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी आभा माझ्या किचनमध्ये चहा पीत होती, तेव्हा त्याचा फोन आला. तिने स्पीकर चालू केला, मी ऐकावं म्हणून.

“मी आत्ता रूमवर उघडली,” तो म्हणाला. “उठल्या उठल्या, काही न खाता. फ्रिजमधली. आभा, ती काल अशी लागत नव्हती.”

“नाही.”

“तू केलंस.”

“हो.”

“का?”

आभाने कप खाली ठेवला. “माझे वडील वय होऊन गेले नाहीत. तू जे बोललास त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. हवालदार त्यांचा विद्यार्थी होता, त्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्यातून ते गेले. तुला हे माहीत नव्हतं, कारण तू कधी विचारलंच नाहीस. आता माहीत झालं.”

माझ्या कुकरची शिट्टी झाली. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

“तेव्हा मी काय करणार होतो?” तो अखेर म्हणाला. “पप्पांनी मला जिवंत ठेवलं नसतं. आणि तू तरी काय केलंस? ती तुझीच वाइन होती! तूच तिला सगळ्यांसमोर मारलंस!”

“पहिल्याच वासाला ओळखली मी तिला,” आभा म्हणाली. “ती तुझ्या हातून मोठी झालेली मला नको होती.”

“यू आर सिक,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी विचारलं, “त्याने आत्ता माफी मागितली असती तर?”

“आत्ता नाही. त्या जेवणाला मागायची होती,” ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती, आणि हे मला जरा भीतीदायक वाटलं.

शुक्रवारी प्रकाश आला तेव्हा त्यांच्या फ्लॅटचा आवाज माझ्या बैठकीपर्यंत येत होता. तो ओरडत होता की तू त्याचं काय बिघडवलंस, माणूस दुसरा धंदा करेल, पण तशी वाइन आता पुन्हा होणार आहे का? आभाचा आवाज एकदाच आला, “मग नको होऊ दे!”

प्रकाशचं एका अर्थी खरं निघालं. डील गेलं, बँकेने गळा धरला, पण सिद्धांत बुडाला नाही. त्याने वाइनरीची जमीन एका बिल्डरला चढ्या भावात विकली आणि त्याच्याच भागीदारीत तिथे लग्नाचा लॉन काढला. हे राजाभाऊंनी कळवलं. बॅरलं व्हिस्की मुरवणाऱ्या कुणी तरी नेली. त्यांना लाकूड हवं होतं, आतली वाइन नको होती. ती टँकरने व्हिनेगरवाल्याला गेली. राजाभाऊंच्या आवाजी मेसेजमध्ये मागे पंपाचा आवाज येत होता. “ताई, तुमच्या तिन्ही ओळी गेल्या बघा,” एवढंच ते म्हणाले होते.

आभाने तो मेसेज माझ्यासमोर एकदा ऐकला आणि फोन पर्समध्ये टाकला. त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही. वेदांग माझ्याकडे जेवला.

जॉर्जलाही कळलं. हॉटेलच्या वेटरने सहज सांगितलं असणार, की त्या दिवशी गोड आधी दिली होती. तो वेटर तिच्याच वर्गातला. जॉर्जने तिला केबिनमध्ये बोलावलं. ती म्हणाली, चूक झाली. तो म्हणाला, “आभा, ग्लासांच्या बाबतीत तू चूक करत नाहीस. मला कारण सांगू नकोस.” नोकरी राहिली. पण स्पेनला ह्या वर्षी दुसऱ्याला पाठवलं, आणि ग्राहकांसमोर चाखण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. आता ती फक्त शिकवते. बहुतेक दिवस रास अल खैमाकडच्या हॉटेलांत, लांब. तक्रार करताना मी तिला ऐकलं नाही.

ऑक्टोबरमध्ये राजाभाऊंचा पुतण्या उम्म अल कुवैनला एका फॅक्टरीत लागला. त्याने येताना बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून एक बाटली आणली, वर लेबल नाही. टँकर यायच्या आधी राजाभाऊंनी खालच्या ओळीतून तिच्यासाठी काढून ठेवली होती.

शनिवारी दुपारी तिने आम्हाला बोलावलं. प्रकाश घरी होता. बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवली, ग्लास स्वच्छ पुसले, टेबलावर नुसते खारे बदाम. आधी मला हुंगायला दिली. काय सांगू? आमच्या मुरूडला पावसाळ्याच्या आधी सुपारी वाळत घालतात त्या अंगणाचा वास, भाजलेल्या दाण्यांचा, आणि मागे कुठेतरी समुद्र. मी ग्लास परत द्यायला तयार नव्हते.

प्रकाशने एक घोट घेतला. त्याला वाइनमधलं काही कळत नाही. तरी तो हळूच म्हणाला, “आभा, ही अशी होती?”

“अशी होती.”

“मग आता वाईट वाटतं?”

तिने स्वतःच्या ग्लासातला घोट तोंडात फिरवला, गिळला, खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना टीं टीं करत होती.

“वाइनचं वाटतं,” ती म्हणाली. “खूप वाटतं. रोज वाटतं.”

“आणि त्याचं?”

“त्याने काल दिवाळीचा मेसेज पाठवला. फॉरवर्ड. सगळ्यांना जातो तसला, लॉनच्या फोटोसकट. माझा नंबर काढायचंही त्याला सुचलं नाही.” तिने बदामाची ताटली माझ्याकडे सरकवली. “त्याचं मला काही वाटत नाही, प्रकाश. अजून पुरेसं झालंय असंही वाटत नाही.”

प्रकाशने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एक बदाम उचलला. आभाने बाटली तिरपी करून त्याच्या ग्लासात आणखी थोडी ओतली आणि म्हणाली, “हळू पी. एवढीच आहे.”